शिक्षा वाढवताना तुरुंगाचा खर्चही मांडा

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य



मी फौजदारी वकील आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे ज्यांना वकील परवडत नाही अशा बंद्यांची प्रकरणे माझ्याकडे येतात. त्यांतल्या एका प्रकारच्या आरोपींविषयी आणि त्यांच्यावर राज्य करत असलेल्या खर्चाविषयी हे पत्र आहे. या आरोपींनी कोणाला मारलेले नसते, लुटलेले नसते, खंडणी मागितलेली नसते. ज्याने ते केले त्याला यांनी घरात घेतले, जेवू घातले, एसटीच्या भाड्याला पैसे दिले किंवा मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत सोडले, एवढाच आरोप असतो. अशा मदतीची शिक्षा आपली कायदेमंडळे वाढवत आली आहेत. ती वाढवताना तुरुंगात किती माणसे वाढतील, ती कुठे मावतील, त्यांना सांभाळायला किती पैसा लागेल, हे मात्र सभागृहासमोर येत नाही. पुढचे असे विधेयक तुमच्यासमोर येईल तेव्हा हा हिशेब मागावा, ही माझी विनंती आहे. ती का करते, ते सविस्तर सांगते.

गुन्हेगाराला आसरा देणे हा गुन्हा नवा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २१२ मध्ये तो होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २४९ म्हणून आला आहे. या कलमाला एक प्रमाण आहे. मूळ गुन्ह्याला फाशी असेल तर आसरा देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. जन्मठेप किंवा दहा वर्षांची शिक्षा असेल तर तीन वर्षांपर्यंत. त्याहून हलक्या गुन्ह्याला मूळ शिक्षेच्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश. गुन्हा करणारा आणि त्याला दार उघडणारा यांच्या शिक्षेत अंतर राहिले पाहिजे, ही समज एकोणिसाव्या शतकातल्या त्या कायद्याला होती.

१९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे मोक्काने, हे अंतर जवळजवळ पुसून टाकले. त्याच्या कलम ३(३) प्रमाणे टोळीच्या कोणत्याही सदस्याला आसरा देणाऱ्याला किमान पाच वर्षे आणि कमाल जन्मठेप होऊ शकते, वर किमान पाच लाख रुपये दंड. ज्याला आसरा दिला त्याचा टोळीतला वाटा मोठा होता की किरकोळ, याच्याशी या शिक्षेचा संबंध नाही. मग न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्हा देशभर नेला आणि तिथे आसऱ्यासाठी किमान तीन वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठेवली, दंड पुन्हा किमान पाच लाख. जुलै २०२५ मध्ये तुमच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकातही आसऱ्याचे कलम आहेच. स्वतः बेकायदा संघटनेची सदस्य नसलेल्या पण तिच्या सदस्याला आसरा देणाऱ्या व्यक्तीला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र.

आसरा म्हणजे काय, हे मूळ कायद्याने सांगून ठेवले आहे. निवारा, अन्न, पाणी, पैसा, कपडे, शस्त्रे, दारूगोळा, वाहन. हे सगळे एकाच वाक्यात, एकापुढे एक. भाकरी वाढणारा हात आणि काडतुसे पोहोचवणारा हात कायद्याच्या एकाच ओळीत बसतात. प्रमाणबद्ध शिक्षा असताना यातून फारसे बिघडत नव्हते, कारण न्यायाधीशाला खाली यायला जागा होती. किमान शिक्षा पाच वर्षांची झाली की ती जागा उरत नाही.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगते. ओळख पटेल असा तपशील मुद्दाम गाळते. दोषारोपपत्रातली शेवटची आरोपी, वय पन्नाशीच्या पुढे, पोळी-भाजीचे डबे करून पोट भरणारी विधवा. बहिणीचा मुलगा एका टोळीच्या गुन्ह्यात फरार होता. तो रात्री मावशीच्या दारात आला, तिच्याकडे राहिला आणि जाताना तिच्याकडून पैसे घेऊन गेला. जप्ती पंचनाम्यात तिच्या घरातून मिळालेल्या वस्तू लिहिल्या आहेत: एक सतरंजी, मोबाइलचा एक चार्जर, मुलाचा एक शर्ट. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "पोरगं उपाशी दारात उभं होतं. म्हटलं आधी जेव, काय करून आलास ते मग सांग." त्याने काय केले हे तिला माहीत होते की नव्हते, आणि त्याला शिक्षेपासून वाचवायचा तिचा हेतू होता की नव्हता, हे खटल्यात ठरेल. खटला अजून उभा राहिलेला नाही. तोवर ती आत आहे. मी तुरुंगात भेटायला गेले की ती खटल्याचे फारसे विचारत नाही. डब्याची गिऱ्हाइके कोणाकडे गेली आणि महिन्याचे सिलिंडर कोणी घेतले, हे विचारते. मोक्कात दोषारोपपत्रासाठी पोलिसांना नव्वदऐवजी १८० दिवस मिळू शकतात. जामीन द्यायचा तर, आरोपी दोषी नसल्याचे मानायला वाजवी आधार आहे आणि तो जामिनावर असताना गुन्हा करणार नाही, असे न्यायाधीशाला आधी वाटले पाहिजे. हे बंधन टोळीच्या म्होरक्याला आहे तेच मावशीलाही आहे.

आता तिचा खर्च पाहा. तिच्यासाठी बराकीत जागा लागते. आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे एका बंद्यामागे बराकीत ३.७१ चौरस मीटर, म्हणजे साधारण चाळीस चौरस फूट. दोन वेळचे जेवण, चहा, नाश्ता लागतो. मधुमेह आहे, त्याच्या गोळ्या लागतात. रुग्णालयात न्यायचे तर सोबत महिला शिपाई आणि गाडी लागते. तारखेला न्यायालयात हजर करायचे तर पोलिसांचा गार्ड लागतो. गार्ड मिळाला नाही की तारीख पुढे ढकलली जाते आणि या सगळ्या खर्चाचे आणखी काही आठवडे वाढतात. त्याच नियमावलीत सहा बंद्यांमागे एक रक्षक असे प्रमाण सांगितले आहे. एखाद्या कायद्यामुळे राज्यात सहाशे बंदी वाढले तर शंभर रक्षक वाढवावे लागतील; त्यांचा पगार, निवास, निवृत्तिवेतन आलेच. ते भरले नाहीत तर आहेत त्यांच्यावर भार पडतो. आज नेमके तेच चालले आहे. सलग ड्युट्यांनी थकलेल्या शिपायाच्या हातात गच्च भरलेली बराक देणे हे बंद्यांइतकेच त्या शिपायावरही अन्यायाचे आहे.

जागा तर आधीच संपलेली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत महाराष्ट्रातील बंदी ४१ हजारांच्या घरात आहेत. त्यांपैकी सुमारे ३३ हजार कच्चे कैदी, म्हणजे दहातले आठ. दोषी ठरलेले जेमतेम दोन. मुंबईच्या ऑर्थर रोड कारागृहाची मंजूर क्षमता हजाराच्या आत आहे आणि तिथे गेली काही वर्षे तीन हजारांहून अधिक माणसे राहत आली आहेत. येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या आत, बंदी सहा हजारांच्या वर. ऑर्थर रोडच्या फाटकाबाहेर मुलाखतीसाठी ताटकळणाऱ्या बायका तुम्ही मंत्रालयाकडे जाताना कधी पाहिल्या असतील. हातात आधार कार्डाची झेरॉक्स, कपड्यांची पिशवी, कडेवर मूल. त्या रांगेचा रोजचा खाडा, गाडीभाडे आणि आत पाठवायची मनीऑर्डर सरकारच्या कोणत्याच लेखाशीर्षात येत नाही. सहा वर्षांखालची मुले आईबरोबर आत राहू शकतात. २०२२ च्या अखेरीस देशात १,५३७ बंदी महिलांसोबत १,७६४ मुले तुरुंगात होती. घरातल्या माणसाला आसरा दिल्याचा आरोप बाईवर येण्याची शक्यता किती जास्त असते, हे तुम्हाला सांगायला नको. फरार मुलगा, भाऊ, भाचा शेवटी एखाद्या बाईच्याच स्वयंपाकघरात येऊन बसतो.

शिक्षेची कमाल मर्यादा वाढवताना आणखी एक गोष्ट घडते. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६अ होते. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत गेला की सुटकेचा मार्ग त्याने मोकळा केला होता आणि त्यातून फक्त फाशीचे गुन्हे वगळले होते. त्याच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यांना एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची चांगली सोय केली. पण त्यातून फाशीबरोबर जन्मठेपेचे गुन्हेही वगळले. म्हणजे आसऱ्याच्या कलमात तुम्ही "जन्मठेपेपर्यंत" असे लिहिलेत, की तुरुंगातली गर्दी कमी करण्यासाठी संसदेने उघडलेले दार त्या मावशीसाठी बंद होते. तिला जन्मठेप होणार नाही, हे पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश सगळ्यांना माहीत असते. तरीही कायद्यातल्या कमाल शिक्षेमुळे ती मोठ्या गुन्हेगारांच्या रकान्यात जाते आणि राज्य तिचा खर्च करत राहते.

हे सगळे विधेयक मांडतानाच मोजता येण्यासारखे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०७(३) प्रमाणे ज्या विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागेल, ते राज्यपालांनी विचारार्थ शिफारस केल्याशिवाय संमत करता येत नाही. विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडण्याची पद्धत त्यासाठीच आहे. नवे प्राधिकरण, नवी पदे, नवे विशेष न्यायालय असले तर ते त्यात येते. शिक्षा वाढल्यामुळे वाढणारे तुरुंगातले दिवस मोजण्याची पद्धत मात्र आपल्याकडे पडलेली नाही. सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निदान न्यायालयांवरच्या भाराचा विषय उचलला. न्या. एम. जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखालील कृती गटाने २००८ मध्ये, नव्या कायद्याने न्यायालयांवर पडणाऱ्या भाराचा अंदाज वित्तीय ज्ञापनात द्यावा, अशी शिफारस केली. ती शिफारस तशीच पडून आहे. न्यायालयांची ही स्थिती, मग तुरुंगांकडे कोण पाहणार?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने यावर केलेली व्यवस्था मला फार महत्त्वाची वाटते. तिथे तुरुंगवास वाढवणारे विधेयक आले की राज्याच्या शिक्षाविषयक आयोगाला त्याचा पुढच्या सहा वर्षांतला परिणाम मोजावा लागतो. त्या सहांपैकी सर्वांत जास्त खर्चाच्या वर्षाचा आकडा विधेयकाच्या दर्शनी भागावर छापावा लागतो. विधेयक मंजूर झाले तर तेवढ्या रकमेची तरतूद तुरुंगांच्या राखीव निधीत करावी लागते. अंदाज काढण्याइतकी माहिती हाताशी नसेल तरी रकाना कोरा राहत नाही, किमान ५० हजार डॉलर धरलेच जातात. गुन्हेगाराला मागाहून मदत करणाऱ्यांची शिक्षा वाढवायची असली तरी याच चाळणीतून जावे लागते. मत देणाऱ्या प्रतिनिधीला आपण शिक्षेबरोबर खर्चालाही मत देत आहोत, हे कागदावर दिसते. तिथले लोकप्रतिनिधी गुन्हेगारीबद्दल आपल्याहून मवाळ मुळीच नाहीत. त्यांनी पैशाचा नियम स्वतःवर लावून घेतला, एवढाच फरक.

त्याच राज्याचा आणखी एक नियम वाचून मी थांबले. गुन्हा घडल्यानंतर गुन्हेगाराला मदत करणाऱ्यांतून त्यांनी पती-पत्नी, आईवडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे, भाऊ-बहीण, सासरकडचे तेच नातेवाईक आणि घरातला नोकर, इतक्या सगळ्यांना वगळले आहे. बाकीच्यांनाही बहुतेक गंभीर गुन्ह्यांत कमाल बारा महिने. आपल्या न्याय संहितेत सूट आहे ती फक्त पती किंवा पत्नीला. मोक्काच्या ३(३) मध्ये तर तेवढीही लिहिलेली नाही. आईला नाही, बहिणीला नाही. जिथे मुलगा कितीही वाया गेला तरी त्याला घरात घेणे हे आईचे काम मानले जाते, तिथल्या कायद्याने आईला किमान पाच वर्षांच्या शिक्षेची भीती दाखवावी, हे मला मान्य नाही.

घाईने केलेल्या कडक कायद्याचा भार काय होतो, याचा अनुभव आपल्या देशातही आहे. बिहारने २०१६ च्या दारूबंदी कायद्यात घरात दारू सापडली तर घरातल्या प्रौढांनाही जबाबदार धरण्याची तरतूद केली होती. न्यायालये जामीन अर्जांनी भरून गेली. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी दूरदृष्टी नसलेल्या कायद्याचे उदाहरण म्हणून जाहीर भाषणात याच कायद्याचे नाव घेतले. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बिहारला स्वतःचा कायदा सौम्य करावा लागला. मधल्या काळात जे आत बसले त्यांचे दिवस कोणी परत देऊ शकत नाही. त्या दिवसांवर झालेला खर्चही वाचत नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आणि योग्यच म्हणतील, की टोळ्या मदतनिसांवरच जगतात. लपायला खोली, बनावट कागद, सिमकार्ड, पैसे पोहोचवणारा माणूस नसेल तर फरार आरोपी टिकत नाही. नव्वदीत मुंबईने गोळीबार आणि खंडणीचे फोन सोसले आहेत. तो काळ विसरून मी हे लिहीत नाही. पण टोळीचे काम जाणूनबुजून सोपे करणाऱ्यासाठी मोक्कात कलम ३(२) वेगळे आहेच, आणि तिथेही किमान पाच वर्षे ते जन्मठेप आहे. धंदा म्हणून आसरा देणाऱ्याला त्या कलमात घ्या. घरच्या ताटातले दोन घास देणाऱ्याला त्याच मापाने मोजल्याने टोळीचे काही बिघडत नाही. उलट तपासाचे नुकसान होते. मावशीला साक्षीदार केले असते तर भाचा कोणाबरोबर आला, कोणाच्या गाडीतून गेला, हे तिने सांगितले असते. आरोपी केल्यावर तिचे तोंड बंद होते आणि तिच्याबरोबर सगळी गल्ली गप्प बसते. शिवाय शिक्षेचा आकडा मोठा असल्यापेक्षा आपण खात्रीने पकडले जाऊ, ही भीती माणसाला जास्त आवरते, हे फौजदारी न्यायालयात थोडे दिवस काढलेला कोणीही सांगेल. पकडण्याची खात्री वाढवायला तपास अधिकारी, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सरकारी वकील लागतात. तुरुंगात नको तितकी माणसे सांभाळण्यात जाणारा पैसा याच कामांतून कमी होतो.

तुमच्याकडे माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली आणि मुख्य: दोन्ही सभागृहांच्या नियम समितीने कार्यपद्धतीत बदल करून, कैदेची शिक्षा निर्माण करणाऱ्या किंवा वाढवणाऱ्या प्रत्येक विधेयकाच्या पहिल्या पानावर तुरुंगखर्चाचा अंदाज छापणे बंधनकारक करावे. त्यात कच्च्या कैदेचे दिवसही धरावेत, कारण आपल्याकडे खरी गर्दी त्यांचीच आहे. माहितीची अडचण नाही. कोणत्या कलमाखाली किती जण किती काळ आत आहेत, हे कारागृह विभागाच्या संगणकात रोज नोंदले जाते. दुसरी: विधेयक मंजूर झाले की तेवढी तरतूद त्याच वर्षीच्या पुरवणी मागण्यांत यावी. जागा आणि रक्षक नसताना माणसे आत पाठवायची आणि कित्येक वर्षांनी नव्या तुरुंगाची घोषणा करायची, हे थांबावे. तिसरी: मोक्का हा तुमचाच कायदा आहे. कलम ३(३) मधून पती-पत्नी, आईवडील, मुले आणि भावंडे यांना वगळणारी, आणि मोबदला न घेता दिलेल्या अन्न-निवाऱ्याची कमाल शिक्षा जन्मठेपेवरून खाली आणणारी दुरुस्ती तुम्ही करू शकता. मोक्काला मान्यता राष्ट्रपतींची आहे, तेव्हा दुरुस्तीही त्याच वाटेने जावी लागेल. वेळ लागेल, पण सुरुवात विधिमंडळातूनच करावी लागेल.

सरकारकडून प्रस्ताव येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने अशासकीय विधेयक मांडले तरी सभागृहात या विषयाची नोंद होईल. पक्ष कोणता, याने मला फरक पडत नाही. दुरुस्तीचा मसुदा, तुरुंगांची आकडेवारी आणि अशा प्रकरणांचे टिपण विनामूल्य तयार करून द्यायला मी आणि माझ्यासारखे पॅनेलवरचे वकील तयार आहोत. कृपया बोलवा.

आपली विश्वासू,
विधी सेवा पॅनेलवरील एक वकील